धागा : ऊरुशीचा हात दिलेले धोटे सहा दिवस झाले तरी चिकटच! सोलापूरच्या हवेत चिकाचं कोटिंग पिकवायचं कसं?

धोटा-फणी
हातमागाच्या धोट्यांना एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) न लावता झाडाच्या चिकापासूनचं कोटिंग द्यायचं आहे. थिनरचा वास नको, आणि थर असा गुळगुळीत हवा की ताण्यातून जाताना सूत अडकू नये. तपशील देतो, चूक कुठे झाली ते सांगा.

लाकूड शिसम, ३२० नंबरपर्यंत घासलेलं. पाच धोटे : तीन नवे, दोन मागावरून उतरवलेले. चीक म्हणजे गाळलेली कच्ची जपानी ऊरुशी, ट्यूबमधली. ब्रशने एकच हात, दर धोट्याला अंदाजे ४ ग्रॅम. ब्रश आधी करडईच्या तेलात धुतलेला. खोलीत दुपारी ३८ अंश, दमटपणा २२ टक्के, टेबल फॅन चालू. आज सहावा दिवस, बोट लावलं की ठसा उठतो. गच्चीवर कडक उन्हात ठेवू, की हीट गन फिरवू?

तांब्याचे चार अणू
आधी पंखा बंद करा. ऊन आणि हीट गन दोन्ही विसरा.

धोटाभाऊ, मुळात घोळ ‘वाळणं’ या शब्दात आहे. एनसी लॅकरमधलं थिनर उडून जातं आणि मागे थर उरतो, ते वाळणं. ऊरुशीतून असं काही उडून जायचं नसतं. ती पिकते. कच्च्या चिकात ६० ते ६५ टक्के ऊरुशिऑल (चिकाचा मुख्य, तेलकट घटक), २० ते ३० टक्के पाणी, ५ ते ७ टक्के झाडाचा डिंक, थोडी नत्रयुक्त प्रथिनं आणि टक्काभरही नसलेलं लॅकेज नावाचं एन्झाइम असतं. सगळं काम त्या टक्क्याच्या आतल्या मालाचं. लॅकेजच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात (माझ्या आयडीचा उगम कळला असेलच). ते ऊरुशिऑलकडून इलेक्ट्रॉन काढून हवेतल्या ऑक्सिजनला देतात. ऑक्सिजनचं पाणी होतं आणि ऊरुशिऑलचे रेणू एकमेकांना जोडले जातात. त्यानंतर रेणूंच्या लांब शेपट्या हवेतल्या ऑक्सिजनवर सावकाश गुंतत राहतात, जवसाच्या तेलासारख्या. पहिला टप्पा तासांचा, दुसरा आठवड्यांचा.

चिकातलं पाणी हे बारीक थेंबांच्या रूपात असतं आणि एन्झाइम त्या थेंबांत बसलेलं असतं. २२ टक्के दमटपणात पंख्याखाली ठेवलंत, की थेंब आधी सुकतात. एन्झाइम मेलं नाही, पण निजलं. वर ऊन किंवा हीट गन दिलीत तर साधारण ७० अंशांच्या पुढे ते खरंच मरेल, आणि मग किती दमटपणा दिला तरी उठणार नाही.

इतिहासाची एक ओळ लिहितोच. या एन्झाइमचं वर्णन जपानी रसायनतज्ज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ साली केलं. ‘लॅकेज’ हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ गाब्रिएल बर्त्रां यांचं, त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. आज माहीत असलेल्या एन्झाइमांत हे फार जुन्यांपैकी एक.

सुतारपक्षी
वरचं सगळं बरोबर, पण अर्धंच कारण झालं. तुमच्या यादीत आणखी तीन चोर दिसतात.

एक, करडईचं तेल. ऊरुशीचा ब्रश तेलात धुतात ते बरोबर, कारण तेल असलं की चीक पिकत नाही आणि ब्रश मऊ राहतो. पण तेच तेल पुढच्या हाताला पिकू देत नाही. ब्रश वापरण्याआधी थोड्या ऊरुशीत दोन-तीनदा भिजवून, काचेवर पट्टीने दाबून, तेल पूर्ण काढून टाकायचं. आणि करडईचं तेल तर मुळीच नको. ते स्वतःच हळूहळू घट्ट होतं, ब्रशच्या मुळाशी डिंकासारखं बसतं. शेंगदाण्याचं वापरा, ते वाळत नाही.

दोन, ४ ग्रॅम. ३५ सेंमी लांबीच्या धोट्याचं बाहेरचं क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस फूट. एका चौरस फुटाला ३० मायक्रॉनचा थर द्यायला जेमतेम ३ ग्रॅम लागतात. म्हणजे धोट्याला दीड ग्रॅम पुरे. तुम्ही अडीच पट लावलंत. आता दमट पेटीत ठेवलंत तर वरची साय आधी धरेल, आतला ओला भाग तसाच राहील, आणि साय आक्रसून सुरकुत्या पडतील. दुधावरच्या सायीला फुंकर मारल्यावर पडतात तशाच. एकदा सुरकुती पडली की घासून काढण्याशिवाय इलाज नाही.

तीन, शिसम आणि जुने धोटे. शिसमात स्वतःचेच काही पदार्थ असतात जे ऑक्सिजनवर घट्ट होणाऱ्या थरांना अडवतात. पॉलिश करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. मागावरच्या धोट्यात तर वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं.

गोडंबी
आता इलाज बघू. जपानमध्ये यासाठी ‘मुरो’ नावाचं दमट कपाट असतं. २४ ते २८ अंश, ७५ ते ८० टक्के दमटपणा. घरी करायला पत्र्याची ट्रंक किंवा प्लायची पेटी घ्या. थर्माकोलचा डबा नको, टर्पेंटाईनची वाफ लागली की तो आतून विरघळतो.

दमटपणा नेमका धरायची युक्ती किराणा दुकानात मिळते. पसरट ताटात १ किलो साधं मीठ घ्या आणि ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, साधारण पाव लिटर. न विरघळलेलं मीठ दिसत राहिलं पाहिजे. बंद पेटीत हे मीठ हवा ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. हवा जास्त ओली झाली तर मीठ पाणी ओढतं, कोरडी झाली तर सोडतं. तापमान २५ असो की ३५, आकडा जवळजवळ हलत नाही. ८४-८५ हवे असतील तर मिठाऐवजी म्युरेट ऑफ पोटॅश हे खत. ऊसवाल्यांच्या घरी पोतं असतंच.

हायग्रोमीटरवर (दमटपणा मोजायच्या मीटरवर) आंधळा विश्वास नको. झिपच्या पिशवीत बाटलीच्या झाकणात ओलं मीठ आणि शेजारी मीटर, असं रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ६८ दाखवत असेल तर पुढे कायम ७ मिळवून वाचा.

पेटीची फट टेपने बंद करा, नाहीतर सोलापूरची हवा मिठाला जिंकू देणार नाही. सुरुवातीला दमटपणा पटकन वर न्यायला आत ओलं गोणपाट टांगा, ७० झालं की काढा. पत्र्याच्या झाकणाला आतून घाम सुटतो. थेंब थरावर पडला की पांढरट डाग. झाकणाखाली पुठ्ठा तिरका लावा म्हणजे पाणी कडेला ओघळेल. आणि मिठाचा शिंतोडा कामावर उडू देऊ नका. मिठातलं क्लोराइड बऱ्याच लॅकेजांना अडवतं, बुरशीपासूनच्या लॅकेजला तर फारच. घामाचे हातही त्याच खात्यात.

बाळीवेस
अन् उन्हाळ्यात पेटीच ४० अंशावर गेली तर काय करायचं बे?

गोडंबी
जुन्या वाड्यात बळद (धान्य साठवायची बंद खोली) असेल तर सोनं. नसेल तर कूलरची खोली. एरवी आपण कूलरला ‘नुसती चिकचिक’ म्हणून शिव्या घालतो, इथे तीच चिकचिक कामाची. कूलर लावलेल्या बंद खोलीत ३० अंशांच्या आसपास आणि ६० ते ६५ टक्के सहज मिळतात. पहिले काही तास तेवढंच हवं असतं, म्हणजे साय घाईने धरत नाही. मग पेटीत ७५ वर. फक्त कूलरच्या झोतात काम ठेवू नका, बोअरच्या पाण्याचा क्षार आणि धूळ दोन्ही येऊन बसतं. श्रावणात रात्री पाऊस असेल तेव्हा तर खोलीचीच पेटी होते.

तांब्याचे चार अणू
पाचही धोटे पेटीत टाकण्याआधी एक काचेची चाचणी करा, म्हणजे अंधारात बाण मारायला नको. सूक्ष्मदर्शकाच्या काचेची पट्टी स्पिरिटने पुसा, त्याच ट्यूबमधला एक थेंब स्वच्छ पत्तीने ओढून पातळ पसरा, पेटीत ७५ टक्क्यांवर ठेवा. बारा-चौदा तासांत बोटाला लागेनासा झाला तर चीक जिवंत आहे, दोष लाकडाचा, तेलाचा किंवा जाडीचा. दोन दिवसांनीही ओला राहिला तर ट्यूबच गेली. उन्हाळ्यात कुरिअरच्या गोदामात पडून किंवा नुसतं वय होऊन एन्झाइम मंदावतं. तशी ट्यूब फेकू नका. ताज्या ट्यूबमधली पाव-अर्धी मिसळली तर बहुतेक वेळा काम भागतं. किंवा धातूवर लावून १२० ते १५० अंशांवर भाजा. तिथे एन्झाइम लागतच नाही, नुसत्या उष्णतेने जोडणी होते. लाकडाला मात्र हा उपाय नाही.

अक्कलकोट रोड
ऊरुशी महाग पडते. प्रोसेस हाऊसला एन्झाइम पुरवणाऱ्यांकडे लॅकेज मिळतं, तेच आपल्याकडच्या एखाद्या चिकात घालून चालणार नाही का? बायोवॉशचं एक पाकीट पडूनच आहे.

तांब्याचे चार अणू
पाकिटावर नीट वाचा. बायोवॉशचं एन्झाइम म्हणजे सेल्युलेज. ते सुतावरची लव खातं, चिकाशी त्याचं काही देणंघेणं नाही. लॅकेज डेनिमचा निळा उडवायला वापरतात, ते वेगळं. त्यातही बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), मीठ आणि ‘मीडिएटर’ नावाची मदतनीस रसायनं मिसळलेली असतात, त्यामुळे कोटिंगसाठी साधं, मिसळ नसलेलं लॅकेजच मागायचं.

ओळखायची सोपी रीत सांगतो. कॉलेजला केमिकल पुरवणाऱ्या दुकानातून ग्वायाकॉल आणा, डिस्टिल्ड पाण्यात १ टक्का द्रावण करा, त्यात एन्झाइमची चिमूट टाका. आपोआप लालसर तपकिरी झालं तर लॅकेज. हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकल्यावरच रंग आला तर पेरॉक्सिडेज, म्हणजे पेरॉक्साइडवर चालणारं दुसरं एन्झाइम. काहीच झालं नाही तर तुमच्या हातात सेल्युलेज आहे किंवा मेलेलं काहीतरी. पाणी बोअरचं नको, क्षार आणि क्लोराइड चाचणीच बिघडवतात.

बाळीवेस
आपल्याकडचा चीक म्हणजे बिब्बाच की! धोबी कपड्यावर खूण करायचे, ती जन्मात जात नव्हती.

गोडंबी
माझी आयडी बघून कुणीतरी बिब्बा घालणार हे माहीत होतं.

बिब्बा, काजू, आंबा आणि ऊरुशी हे सगळे एकाच कुळातले. बिब्ब्याच्या टरफलातल्या तेलात भिलावनॉल असतं, ते रचनेने ऊरुशिऑलचं सख्खं भावंड. त्यामुळे लॅकेज त्याला पकडतं. फरक शेपटीत आहे. जपानी ऊरुशिऑलच्या बहुतेक शेपट्यांत तीन दुहेरी बंध असतात, भिलावनॉलच्या शेपटीत एक किंवा दोन. म्हणून पहिला टप्पा होतो, थर काळा पडतो, पण दुसरा टप्पा रेंगाळतो आणि थर बराच काळ मऊ राहतो. धोट्यासारख्या घासणाऱ्या वस्तूला मी तो सुचवणार नाही.

करायचंच तर झाडाचंच प्रमाण धरा : तेल ६५ भाग, लॅकेजचं द्रावण २५ भाग (पीएच ५ च्या आसपासचा अ‍ॅसिटेट बफर), बाभळीचा डिंक ७ भाग. डिंक आधी द्रावणात रात्रभर भिजवून फडक्याने गाळा, मग तेलात थोडं थोडं घालत घोटा. डिंकाशिवाय पाणी आणि तेल फुटून वेगळं होतं, एन्झाइम तळाशी बसतं आणि वरचं तेल तसंच राहतं. बहुतेकांचं इथेच फसतं. सायीसारखं एकजीव दिसेपर्यंत घोटायचं.

आणि हे मस्करीत घेऊ नका. बिब्बा उततो. ऊरुशीही तशीच उतते. ज्यांना आंब्याच्या चिकाने ओठाला फोड येतात त्यांनी या भानगडीत पडूच नये. नायट्रिलचे दोन हातमोजे एकावर एक, पूर्ण बाह्या, डोळ्यांना गॉगल. बिब्बे भाजून तेल काढायची जुनी रीत घरात अजिबात नको, धूरही उततो. कातडीला लागलं तर आधी तेल चोपडून पुसायचं, मग साबण आणि गार पाणी. फोड आले, चेहरा सुजला, तर सरळ डॉक्टर. अर्धवट पिकलेला थर कोरडा घासलात तर ती धूळही तितकीच वाईट, म्हणून नेहमी वॉटर पेपर आणि पाणी.

वेंगुर्लेकर काजू
बिब्ब्यापेक्षा काजूच्या टरफलाचं तेल बरं. आमच्याकडे प्रक्रियेत ते निघतंच. फक्त कच्चं तेल नको. त्यात अ‍ॅनाकार्डिक आम्ल जास्त असतं. तापवून त्यातला कार्बन डायऑक्साइड घालवला की कार्डेनॉल होतं, आणि निर्वात ऊर्ध्वपातन केलेलं फिकट पिवळं कार्डेनॉल विकत मिळतं. तेच घ्या.

पण कार्डेनॉलवर एकच हायड्रॉक्सिल गट असतो, ऊरुशिऑलवर शेजारी-शेजारी दोन. म्हणून लॅकेज इथे नीट चालत नाही. इथे लागतं सोयाबीनच्या टरफलातलं पेरॉक्सिडेज. बार्शी-लातूर पट्ट्यात सोयाबीनला काय तोटा! मुळ्याच्या जातीतल्या हॉर्सरॅडिशचं पेरॉक्सिडेज जास्त प्रसिद्ध, पण कार्डेनॉलला ते एकट्याने दाद देत नाही.

छोटा घाट असा. कार्डेनॉल १० ग्रॅम, आयसोप्रोपिल अल्कोहोल ५० मिली, पीएच ७ चा फॉस्फेट बफर ५० मिली, त्यात एन्झाइम. मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड एकूण १९ मिली लागतं, म्हणजे कार्डेनॉलच्या रेणूमागे अंदाजे एक रेणू. ते एकदम ओतायचं नाही. दर दहा मिनिटांनी अर्धा मिली, सहा तास, सतत ढवळत. एकदम घातलंत तर पेरॉक्साइड एन्झाइमलाच मारतं, आणि तुम्ही म्हणाल टरफलात दम नव्हता. शेवटी तांबूस, मधासारखं घट्ट तेल तळाशी जमतं. ते पॉलिकार्डेनॉल. पाण्याने दोनदा धुवायचं, पातळ थर द्यायचा. अल्कोहोल आहे, तेव्हा जवळ शेगडी नको.

सुतारपक्षी
पण हा थर खोलीत घट्ट कशाने होतो ते लिहा की.

वेंगुर्लेकर काजू
बरोबर पकडलंत. कोबाल्ट नॅफ्थेनेटचा ड्रायर (थर लवकर घट्ट करणारं रसायन) लागतो, तेव्हा काही दिवसांत घट्ट होतो. किंवा १५० अंशांवर अर्धा तास भाजायचा, पत्र्यासाठी.

सुतारपक्षी
मग ‘पर्यावरणपूरक’ म्हणताना जरा दमानं. कोबाल्टचे ड्रायर आरोग्याच्या दृष्टीने वाईट ठरलेत, ते टाळायचा प्रयत्न रंगवाले स्वतःच करतायत. मँगनीज किंवा लोहाचे ड्रायर वापरा, थर थोडा सावकाश धरेल आणि रंग गडद येईल, चालेल. आणि यात एन्झाइम फक्त राळ बनवण्यापुरतं आहे, थर पिकवायला नाही. ऊरुशीत थरही एन्झाइमच पिकवतं. दोन्ही एकाच नावाखाली विकले जातात, म्हणून बोललो.

वेंगुर्लेकर काजू
मान्य. लोहाचा ड्रायर लिहायला हवा होता.

रंगपंचमी
सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख म्हणजे हेच का? आणि भाकरीच्या काठवटीला लावता येईल?

गोडंबी
नाही. लाख किड्याची, ती उष्णतेने किंवा स्पिरिटमधून चढते, पिकत-बिकत नाही. ‘लॅकर’, ‘लॅकेज’, ‘लाख’ या नावांनी गोंधळ होतो एवढंच.

काठवटीला बिब्बा आणि कार्डेनॉल दोन्ही नको. पूर्ण पिकलेल्या ऊरुशीच्या वाट्यांत जपानात शेकडो वर्षं जेवतात, पण तिथे ‘पूर्ण’ या शब्दावर सगळं आहे, आणि भाकरी थापताना तळहाताने काठवट रोज घासली जाते. काठवट कोरीच बरी.

धोटा-फणी
काचेची चाचणी आणि पेटी दोन्ही झालं. ट्रंक, १ किलो मीठ, मीटरची चूक अधिक ४, आतलं तापमान २९. काचेवरचा थर नऊ तासांत बोटाला लागेनासा झाला. धोट्यांवरचा जास्तीचा चीक आधी टर्पेंटाईनच्या फडक्याने पुसून घेतला होता. तीन नवे धोटे तीस तासांत धरले, एकाच्या टोकाला बोटभर सुरकुती. मागावरचे दोन मात्र अजून चिकटच राहायलेत. रंग अगदी काळपट चॉकलेटी आलाय, तो तसाच राहणार का? आणि गेरू घालून लाल करता येईल?

सुतारपक्षी
म्हणजे चीक जिवंत, आणि त्या दोघांत तेल. ते पूर्ण पुसून काढा, आधी टर्पेंटाईन, मग अ‍ॅसिटोनच्या तीन-चार फडक्यांनी, दर वेळी नवं फडकं. १८० नंबरने लाकूड उघडं करा. टिश्यू पेपर रात्रभर रबरबँडने गुंडाळून ठेवा, सकाळी तेलाचा डाग दिसला तर परत. डाग येईनासा झाला की चिकात २५ टक्के टर्पेंटाईन घालून पहिला हात, दहा मिनिटांनी जेवढं पुसलं जाईल तेवढं पुसायचं. पुढचे हात न पातळ करता, दीड ग्रॅमच्या आत, प्रत्येकी दोन दिवस पेटीत, मध्ये ६०० नंबरचा वॉटर पेपर. असे चार हात पुरेत. सुरकुतीचं टोक ३२० ने सपाट करूनच पुढचा हात.

तांब्याचे चार अणू
रंग काही महिन्यांत बराच उजळतो, थर पारदर्शक होत जातो. दमटपणा जास्त आणि पिकणं घाईचं, तितका काळपट. म्हणून मी ८५ पेक्षा ७० च्या बाजूला राहतो. गेरू चालेल, तो लोहाचा ऑक्साइडच. पण बाजारच्या गेरूत माती असते. पाण्यात निवळून वरचा बारीक भाग घ्या, पूर्ण सुकवा, मग घोटा. जस्त, शिसं आणि तांब्याचे रंग नकोत, काळे पडतात. लोखंडी डबा आणि लोखंडी पत्तीही नको, लोह विरघळून आलं की ऊरुशिऑल शाईसारखं काळं होतं. आणि धोटे खिडकीच्या उन्हात ठेवू नका. आम्ल, स्पिरिट या थराला काही करत नाही, पण ऊन त्याची चमक खातं.

धोटा-फणी
नवे तीन मागावर कधी चढवू? पांढऱ्या टॉवेलचा ताणा आहे.

सुतारपक्षी
बोटाला लागत नाही म्हणजे पिकलं असं नाही. शेवटच्या हातानंतर किमान तीन आठवडे थांबा. मग पांढरा कापूस स्पिरिटमध्ये भिजवून धोट्याच्या पोटाला वीस वेळा घासा, खालची बाजूच घ्या, तिथे थर जाड बसतो. कापसावर तपकिरी झाक आली तर परत पेटीत, आणखी एक आठवडा. तशा धोट्याने ताण्यावर रेघ उमटेल, आणि विणणाऱ्याचा हात उतेल तो वेगळाच.